सत्तरच्या पुढचा आवाज

कल्पना करा, तुमची गाडी कालच सर्व्हिसिंगहून आली आहे. तेल नवं, काचा लख्ख, आत लिंबाच्या वासाचा फवारा मारलेला. तुम्ही खुशीत निघता आणि थोड्या वेळाने कुठून तरी आवाज येऊ लागतो. फर्रर्र. सायकलच्या तारांत पत्त्याचं पान अडकवल्यावर येतो तसा. आता हा आवाज तुम्हाला शोधायचा आहे. काय कराल? गाणी बंद कराल, काचा वर घ्याल, मान वाकडी करून आधी एक कान लावाल, मग दुसरा. तेवढ्याने नाही जमलं तर गॅरेजमध्ये जाल, आणि तिथे पहिला प्रश्न येईल, "आवाज कधी येतो?"

अलकाताईंची पंचाईत इथेच होती. आवाज कधी येतो हे त्यांना अगदी नेमकं माहीत होतं. तो सत्तरच्या पुढे यायचा. आणि अलकाताई पन्नासच्या पुढे गाडी चालवत नव्हत्या. म्हणजे घरात तसं ठरलेलं होतं.

अलकाताई मुजुमदार मूळच्या मिरजेच्या. लग्न करून बेंगळुरूला आल्या, सरकारी प्रयोगशाळेत चिकटल्या, आणि सगळी नोकरी फिरणाऱ्या वस्तूंचे आवाज ऐकण्यात गेली. पंखे, पाती, बेअरिंगं. यंत्राला काय होतंय हे कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटायच्या आधी त्यांच्या भुवईवर उमटायचं. क्वार्टर्समध्ये कुणाचा मिक्सर आठवड्याभरात बसणार, हे त्या जिन्यातून जाता जाता सांगत. एका भाच्याच्या लग्नात त्यांनी हॉलच्या मॅनेजरला बोलावून सांगितलं होतं की तुमचा जनरेटर अक्षता पडेपर्यंत टिकणार नाही. तो मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला गेला. तेव्हापासून नातेवाईक त्यांना आमंत्रण देतात, पण जनरेटरपासून लांब बसवतात.

गाडी त्या उशिरा शिकल्या आणि शिकल्यावर कळलं की आपल्याला वेग आवडतो. बेंगळुरूत राहून वेग आवडणं म्हणजे उपासाच्या दिवशी खाण्याची आवड असण्यासारखं आहे. तरी रविवारी पहाटे विमानतळाच्या रस्त्यावर ती आवड पुरवता यायची. तशी ती एका रविवारी जरा जास्तच पुरवली गेली. गाडीच्या कागदांवर मोबाइल नंबर मुलीचा, शलाकाचा होता. कोरमंगलाच्या ऑफिसात तिची मीटिंग चालू असताना तिच्या फोनवर आईचा दंड आला.

"आई, वय काय तुझं?" शलाकाने संध्याकाळी घरी येऊन विचारलं.

"माझ्या वयाला मर्यादा नाही. त्या रस्त्याला आहे, ऐंशीची."

"तू एकशे चारवर होतीस."

"उतार होता गं."

शलाकाने तह लिहून घेतला नाही, तोंडीच सांगितला. यापुढे पन्नास. त्याच्या पुढे गेल्याचं कुठूनही कळलं, तर किल्ली तिच्याकडे आणि गाडी विक्रीला. पहारेकरी म्हणून बाबांची नेमणूक झाली. रघुनंदनराव सरकारी कारखान्यात तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. तपासायला काहीतरी मिळालं म्हणून ते मनापासून खूश झाले. शेजारी बसून ते काटा मोठ्याने वाचत, "शेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. अगं."

मग अलकाताईंनी मल्लेश्वरमला रविवारचं विष्णुसहस्रनाम सुरू केलं. रघुनंदनरावांना पाठांतराचा कंटाळा, त्यामुळे ते सोबत येण्याचा प्रश्न नव्हता. सहस्रनाम विमानतळाच्या रस्त्यावर हेब्बाळच्या पुढे सुरू होऊन देवनहळ्ळीला इडली-वड्यापाशी संपायचं. कॅमेऱ्यांच्या धाकाने त्या ऐंशीच्या आत राहत, पण पन्नासशी त्यांचा काही संबंध नसे. हा एवढा रस्ता त्यांचा होता. त्यावर कुणी अगं म्हणत नसे.

आणि याच रस्त्यावर, सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्याच रविवारी, गाडी फुरफुरली.

अलकाताईंना आधी राग आला, मग मजा वाटू लागली. कितीतरी दिवसांनी कानाला काम मिळालं होतं. त्यांनी वेग तोच ठेवून गिअर बदलला. आवाज तसाच. म्हणजे इंजिन नाही. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर आल्या. तसाच. म्हणजे टायर नाहीत. मग पुढे एक उंच कंटेनर दिसला, त्याच्या मागे थोडा वेळ राहिल्या. आवाज गप्प. कंटेनरला बाजूने ओलांडलं आणि वारा समोरून आदळला तसा आवाज परत आला. वारा होता तर. पुढच्या भागात, खाली, काहीतरी सुटलं होतं आणि वाऱ्यावर फडफडत होतं.

खाली बघायचं तर गुडघे वाकत नव्हते. सोसायटीच्या तळघरात त्या पार्किंगच्या फरशीवर सतरंजी टाकून आडव्या झाल्या, तेव्हा वॉचमन भीमसेन धावत आला. त्यांनी कानातलं पडल्याची थाप मारली, तर तो त्यांच्या शेजारी आडवा होऊन टॉर्चने ते शोधू लागला. तो काही उठेना. शेवटी अलकाताईंनी कानातलं सापडल्याचं जाहीर केलं.

गॅरेजमध्ये जाणं भाग होतं. फडफडणारी वस्तू सत्तरला तुटून चाकाखाली आली तर काय होईल, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. आवाज सांगावा तर वेग सांगावा लागणार, वेग सांगितला की किल्ली गेली. त्यात रघुनंदनराव म्हणाले, "मी पण येतो. मला तरी काय काम आहे?"

सर्जापूर रोडवरच्या त्या गॅरेजचा फोरमन परसू. खानापूरकडचा, मराठी माणूस दिसला की खुलणारा.

"या अक्का, या सर. काय म्हणतीया गाडी?"

"आवाज येतो. पुढून, खालून."

"कधी येतोय?"

"येतो अधूनमधून."

"किती स्पीडला?" हे रघुनंदनरावांनी विचारलं, भिंतीवरच्या टायरच्या कॅलेंडरकडे बघत.

"चाळीस, पंचेचाळीस," अलकाताई म्हणाल्या.

परसूने दोघांना घेऊन गाडी रस्त्यावर काढली. पुढे पाण्याचा टँकर, डावीकडे रिक्षा, उजवीकडे शाळेची बस. काटा बावीसपर्यंत चढला आणि शरमून खाली आला.

"गप्प आहे की ओ गाडी."

"स्वल्प पळवा ना."

"कुठं पळवू अक्का? टँकरमध्ये?"

परत आल्यावर परसू म्हणाला, "आवाज बिवाज काय नाही बघा. नव्या तेलाला इंजिन थोडे दिवस असं करतंय."

हे वाक्य अलकाताईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी चष्मा पुसला. प्रयोगशाळेत वस्तू वाऱ्यात नेता येत नसे, तेव्हा वारा वस्तूकडे आणत.

"परसू, गाडी लिफ्टवर चढवा. आणि तो हवेचा पाइप आणा, धुतल्यावर गाडी वाळवता तो."

"कशाला ओ?"

"आणा तर."

गाडी वर गेली. तिघं खाली उभे राहिले. परसूने पुढच्या बाजूने पाइपचं तोंड लावून हवा सोडली. फर्रर्र. अख्ख्या गॅरेजने वळून बघितलं. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर पुढच्या कडेने लोंबत होतं. तेल बदलताना काढलेलं कव्हर परत लावलं गेलं होतं, त्याच्या दोन क्लिपा मात्र नव्हत्या.

"आमच्याच पोरांनी घोळ केलाय," परसू म्हणाला आणि जीभ चावली. "सॉरी अक्का. आत्ता लावून देतो. पण कान काय आहे ओ तुमचा."

अलकाताईंना पुन्हा नोकरीत असल्यासारखं वाटलं. आवाज सापडला होता आणि वेगाचा उल्लेख कुठेच आला नव्हता. तेवढ्यात परसूला कुतूहल वाटलं.

"पण अक्का, हे चाळीसला हलायचं नाही. एवढा वारा म्हणजे गाडी चांगलीच पळाली असणार. खरं सांगा, किती होता स्पीड?"

"असेल साठ," अलकाताई पुटपुटल्या. "उताराला. एखाद्या वेळी."

रघुनंदनराव मान वर करून कव्हर बोटाने हलवून बघत होते. तपासणी खात्यातला माणूस. चुकीचा आकडा कानावर पडला की त्यांना राहवत नसे.

"साठला कुठे? साठला गप्प असतं. बहात्तरला सुरू होतं."

कॉम्प्रेसर तेवढा धापा टाकत राहिला. रघुनंदनरावांचं बोट कव्हरवरच थांबलं. मग ते कव्हर त्यांना फारच बघण्यासारखं वाटू लागलं. परसूने एकदा सरांकडे बघितलं, एकदा अक्कांकडे.

"सरी, बरं," तो म्हणाला. "क्लिपा आणतो." आणि बराच वेळ क्लिपा आणत राहिला.

घरी येताना शलाकाचा फोन आला. तिने गाडीच्या स्पीकरवरून विचारलं, "सापडला का आवाज?"

"सापडला. क्लिप नव्हती."

"किती स्पीडला यायचा?"

"चाळीस," रघुनंदनराव म्हणाले.

"पंचेचाळीस," त्याच क्षणी अलकाताई म्हणाल्या.

"बरं," शलाका जरा थांबून म्हणाली. किल्ली वाचली.

त्यानंतर पहारा चालू आहे, पण काटा मोठ्याने वाचणं बंद झालं आहे. गुरुवारी गाडी पहिल्यापासूनच रघुनंदनरावांकडे असते. ते जयनगरला त्यांचे मित्र जयतीर्थ यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला जातात. जयनगरच्या वाटेवर संचारबंदी लावली तरी बहात्तर लागणार नाहीत. अलकाताईंनी सगळा रस्ता मनात चालवून बघितला आहे, प्रत्येक सिग्नलसकट. विचारायचं तर समोरून मल्लेश्वरमचं पारायण निघणार. म्हणून रोज सकाळी कॉफीचा पेला त्यांच्या हातात देताना त्या नुसतं बघतात, आणि ओठांपर्यंत आलेलं परत गिळतात: अहो, ते बहात्तर नेमके कुठे लागले?