सविनय कळवणारा बोर्ड

रुजू झाले त्याच दिवशी अण्णांनी मला एक नियम सांगितला. "पोरी, बोर्डावरचा मजकूर 'सर्व चालक बांधवांना सविनय कळविण्यात येते की' असाच सुरू होतो. साहेबांनी बघितल्याशिवाय वर जात न्हाय. का, ते विचारायचं न्हाय."

अण्णा आमच्या छोट्या स्टेशनवरचे सगळ्यात जुने कर्मचारी. साहेब म्हणजे स्टेशन मास्तर. मी त्यांच्या हाताखालची नवी असिस्टंट, उमरग्याची. विचारायचं नाही म्हटलं की किस्से साठतात. आमच्याकडं तर फाइलींपेक्षा जास्त साठलेत.

बोर्ड म्हणजे लाल अक्षरं सरकवणारा मोठा इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले. यार्डाच्या टोकाला, शेवटच्या सिग्नलच्याही पुढं. गाडीनं सिग्नल ओलांडल्यावर काही घडलं, तर ड्रायव्हरला सांगायची ती शेवटची जागा.

* * *

जुन्या फळ्याच्या जागी हा नवा डिस्प्ले बसला. उद्घाटनाला साहेबांनी नारळ फोडला, कुंकू लावलं आणि बोर्डाला झेंडूचा भला मोठा हार घातला. पुढचे कित्येक दिवस ड्रायव्हरांना हाराखालून अक्षरांचे फक्त पाय दिसत होते. मी हार काढायला निघाले, तर अण्णा म्हणाले, "वाळू दे की. पूजेचा हार कोण ताजा काढतं व्हय?"

* * *

साहेबांच्या वाढदिवसाला अण्णांनी हौसेनं बोर्डावर शुभेच्छा टाकल्या. मशीन प्रत्येक मजकुराआधी आपोआप 'सावधान' लावतं, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. मालगाडीचे ड्रायव्हर पाशाभाई 'सावधान' वाचून ब्रेकवर गेले, मग त्यांना साहेबांचं नाव दिसलं.

वॉकीटॉकीवर आवाज आला, "मॅडम, साहेबांपासून सावधच हाओत आम्ही. आज नवीन काय झालं?"

* * *

पुढच्या पुलाचं काम निघालं. गाड्यांनी तिथं हळू जायचं होतं. साहेबांनी मजकूर स्वतः बेतला. तो इतका लांब की 'बांधवांना' येईपर्यंत इंजिन बोर्डाच्या पुढं गेलेलं असायचं. नशीब, सूचनेचा कागद ड्रायव्हरला आधीच हातात मिळत होता.

पाशाभाई चहाला आले तेव्हा म्हणाले, "तुमचा बोर्ड लई अदबीचा. रोज सलाम करतो. काम काय ते सांगायच्या आत मी निघून गेलेला असतो."

मी साहेबांना म्हटलं, "'पुढं पूल, हळू' एवढंच टाकू या."

"ड्रायव्हर काय आपला गडी आहे, असा हुकूम सोडायला?" साहेब म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. "शिकलेल्या पोरींना अदब न्हाय."

* * *

मग ऊसतोडीचे दिवस आले. एका सकाळी पाशाभाईंची मालगाडी यार्डातून हळूहळू निघाली. इंजिन शेवटच्या सिग्नलच्या पुढं गेलं आणि पुढच्या रेल्वे फाटकावरून फोन आला. उसाची ट्रॉली रुळांवरच उलटली होती. बायका उसाखाली अडकल्या होत्या.

सिग्नल लाल करून उपयोग नव्हता. वॉकीटॉकीवर नुसती खरखर. साहेबांनी चष्मा शोधला. "अण्णा, कागद घ्या. सर्व चालक बांधवांना..."

मी मशीनकडं धावले आणि टाइप केलं, "थांबा. फाटकात बायका."

गाडी फाटकाच्या अलीकडं थांबली. बायकांना उसाखालून काढलं. एकीचा हात मोडला, बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं.

दुपारी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. अण्णा होते, जबाब द्यायला आलेले पाशाभाईही होते. साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"गाडी थांबली, चांगलं झालं. पण मजकूर मला न दाखवता गेला, आणि तोही असा तुसडा. इथून पुढं नियमानंच टाकीन, असं लिहून द्या."

"लिही बाई," अण्णा म्हणाले. "मोठ्यांचा मान राहतो."

मी म्हटलं, "साहेब, तुमचं ते पहिलं वाक्य मोठ्यानं वाचा. पाशाभाई, समजा तुम्ही इंजिनात आहात. बोर्ड आत्ता दिसला."

साहेबांनी घसा साफ केला. "सर्व चालक बांधवांना सविनय कळविण्यात..."

"फाटक आलं," पाशाभाई म्हणाले.

साहेब तिथंच थांबले.

मी कोरा कागद त्यांच्याकडं परत सरकवला. "मी लिहून देणार नाही."

साहेबांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा खिडकीतून बोर्डाकडं बघत राहिले.