आत्याला आलेला कोर्टाचा हुकूम
डब्याचं झाकण काढलं आणि आंबापोळीच्या वासासरशी आत्याच्या मांडवीच्या घराची ती गच्ची आठवली. माझा पहिला सिनेमा शुक्रवारी लागला आणि शनिवारी एका चोरट्या साइटवर फुकट दिसू लागला. निर्माते कोर्टात धावले, मी तोंड लपवून आत्याकडे रत्नागिरीला आले. तर ती ताटांत आंब्याचा रस पसरत कौतुकाने म्हणते, "त्या साइटची लिंक मी मुंबईला, दुबईला सगळ्यांना धाडलीय हो! भाचीचं काम बघू देत." मी कपाळाला हात लावला. चार दिवसांनी भर दुपारी तिची घाबरी हाक आली, "अगो बाय, माझ्या नावाने कोर्टाचा हुकूम आलाय!" रसाने चिकट झालेल्या फोनवर इंग्रजीत एवढंच होतं, की न्यायालयाच्या आदेशाने ही साइट बंद करण्यात आली आहे. मी तापल्या गच्चीवर मटकन बसले आणि पोटभर हसले. छातीवरचा धोंडा उतरला होता. "हसतेस काय? माझा सिनेमाचा शेवट बघायचा राहिलाय!" आत्या कडाडली. मग अख्खी आळी घेऊन ती थिएटरात गेली. आज डब्यासोबत तिचा निरोपही आलाय, "नवा सिनेमा कधी? या वेळी कोर्टाने सांगायच्या आधीच जाईन."