सील तुटन ना!

आलापल्लीच्या रस्त्यावर सागाच्या सावलीत त्याचा फूड ट्रक उभा असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तर्री-पोहे खायचे आणि तिथंच बसची वाट बघायची, एवढीच आमची ओळख.

ट्रकच्या दाराशी आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला होता. त्यावरचं प्लास्टिकही त्याने काढलं नव्हतं. सकाळी तो आधी सिलिंडर पुसायचा, मग कढई घासायला घ्यायचा. दसऱ्याला त्याला झेंडूचा हारही घातला होता.

"वापरता येते का भाऊ हा?" मी एकदा विचारलं.

"वापराची पाळीच नाई येऊ देत," तो म्हणाला.

पाळी एका दुपारी आलीच. भज्यांच्या तेलाने पेट घेतला, जाळ छताला टेकला. त्याने झटकन सिलिंडर काढला. मला हायसं वाटलं. अन् सिलिंडर छातीशी धरून तो थेट रस्त्यापलीकडे पळाला!

"अवो, त्याले घेऊन काऊन पळून राह्यले? इकडे मारा ना!" त्याची बायको ट्रकमधून ओरडली.

"सील तुटन ना! मंग तपासणीले काय दाखवू?"

शेवटी तिनेच गॅस बंद करून कढईवर परात झाकली. ट्रक वाचला. सीलही वाचलं.

मी पोट धरून हसलो. घरी पोचेपर्यंत हसू ओसरलं. आमच्याकडे पुराचं पाणी शिरलं तेव्हा बाबांनी तांदळाच्या पोत्याआधी माझी लॅमिनेट केलेली डिग्री उचलली होती. घराण्यातली पहिली डिग्री आहे ती. अजून कुठं कामी आली नाही, पण एक डागसुद्धा पडलेला नाही.