ताईच्या लग्नातले धूसर मामा

मी माझ्या सख्ख्या मामांना ताईच्या लग्नातून गायब केलं, आणि तेही चांगलं शिकूनसवरून.

मामा प्रकाशा गावचे. आमच्या घरभरणीच्या पत्रिकेत त्यांचं नाव खालून दुसरं छापलं गेलं, म्हणून तीन वर्षं रुसलेले. ताईचं लग्न ठरल्यावर आई स्वतः गेली, त्यांच्यापुढे रडली, तेव्हा कुठे ते आमच्या गावी, ब्राह्मणपुरीला यायला तयार झाले. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे मामाने उभं राहायचं असतं. ती जागा रिकामी राहिली तर तोंड कुठे लपवू, एवढीच आईला काळजी.

मला काळजी कॅमेऱ्याच्या लेन्सची. नवीच घेतली होती. तिचं छिद्र जितकं मोठं उघडावं तितका पुढचा माणूस लख्ख आणि मागचं सगळं धूसर, एवढं ज्ञान मला मोबाइलवरचे व्हिडिओ बघून झालं होतं. महिनाभर मी शेतातल्या पपया टिपल्या. प्रत्येक पपईमागे वडील धूसर. (ते कधी बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं माणसांना हे आवडतं.) शहाद्याचा ठरवलेला फोटोग्राफर मी हट्टाने रद्द करायला लावला.

लग्नात ताई इतकी सुरेख आली की मी स्वतःवरच खूश झालो. मुंडावळ्यांचा मणीन् मणी मोजून घ्यावा. मागे नवा फेटा बांधून मामा ताठ उभे होते. मी भराभर फोटो काढत सुटलो आणि छिद्र जराही लहान केलं नाही.

आठवड्याने आईने मामांना मांडे खायला बोलावलं. जेवता जेवता मी अल्बम उघडून दाखवला. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“भाचा, नवरीना मांगे हाऊ ढग कसाना शे?”

“तुम्ही शेतस, मामा.”

इथे कॅमेऱ्यावर खापर फोडलं असतं तरी निभावलं असतं. पण मला कला समजावून सांगायची होती ना! मी म्हणालो, “चुकीनं नही व्हयनं. मी मुद्दाम करं.”

मामांनी भरल्या ताटात हात धुतला आणि चप्पल शोधली.

आई भिंतीला टेकून बसली. “तीन वरीसवर मन्हा भाऊ घर उना, अन तू त्याले पुशी टाकं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरपाई म्हणून मी प्रकाशाला गेलो आणि मामांचा खास एकट्यांचा फोटो काढला. मामा लख्ख आले. मागे दारात नवं लुगडं नेसून मामी उभ्या होत्या, हे मी घरी येऊन पाहिलं. तेव्हापासून मामीही बोलेनाशा झाल्या.

शेवटी ताईनेच दोघांना आपल्या पहिल्या दिवाळीला ओढून आणलं. मामांची अट एकच: फोटो तेच काढणार, त्यांच्या जुन्या मोबाइलवर, हात लांब करून. सगळ्यांत पुढे मामा, शेजारी मामी, मग डोळे पुसणारी आई, पार मागची म्हैससुद्धा, सगळं कसं स्पष्ट आलं. धूसर एकच माणूस आला. तो मामांना फोकस शिकवायला ओळ मोडून पुढे धावला होता.