दोन मिनिटं गॅलरीत

जानूने स्टिक जमिनीवर आपटली आणि अंपायरने पिवळं कार्ड काढलं. चार मॅचमधलं तिसरं. हॉकीत हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच. तेवढा वेळ टीममध्ये एक खेळाडू कमी. सिलेक्टरने मला बोलावलं.

"मॅडम, लडकी अच्छी है. पर अगले मॅच में एक भी कार्ड मिला, तो स्टेट टीम भूल जाइए."

मी ग्वाल्हेरला मुलींची हॉकी कोच आहे. माझा स्वभावही काही गरीब गाईचा नाही, पण सोळा वर्षांच्या पोरीने इतकं भडकावं? संध्याकाळी दर्पण कॉलनीत तिच्या घरी गेले. आईने जेवायलाच बसवलं.

पहिल्या घासालाच कारण कळलं. जानूचे बाबा एकेकाळचे फॉरवर्ड, काका डिफेंडर. दोघं प्रत्येक मॅचला हजर.

"तिने पुढेच खेळायला हवं," बाबा म्हणाले.

"आणि मागे कोण थांबणार, तू?" काका कडाडले.

"चुप बसा ना दोघं! ग्राउंडवर पण वही, घरी पण वही!" जानूने ताट ढकललं. आमटी माझ्या ट्रॅकसूटवर.

रुमालासाठी खिशात हात घातला, तर प्रॅक्टिस मॅचचं हिरवं कार्ड हाती लागलं. डोकं फिरलंच होतं. तेच काकांसमोर धरलं. "दोन मिनिटं. बाहेर."

आणि काका चक्क उठले! जुना खेळाडू, कार्ड दिसलं की पाय आपोआप चालतात. मुकाट्याने गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाबा हसले, म्हणून त्यांनाही कार्ड दाखवलं. तेही गेले.

"जानू, तूपण. रागाबद्दल नाही, ताट ढकलल्याबद्दल."

आई आमटी पुसत म्हणाली, "मॅडम, हे कार्ड इथेच ठेवून जाल?"

जाताना जानूला समजावलं. हॉकीत खेळाडू कितीदाही बदलता येतो. राग आला की हात वर कर, स्वतः बाहेर ये. कार्डही नाही आणि तुझ्या जागी दुसरी खेळते.

पुढची मॅच सुरू झाली. "जानू, पुढे!" "जानू, मागे!" आईने पर्समधून कार्ड काढलं. दोघे भाऊ स्टँडमागे रवाना. जानूने एकदा हात वर केला, पुटपुटत अर्धी बाटली पाणी प्यायली आणि परत गेली. मला फार अभिमान वाटला.

मग अंपायरने आमचा सरळसरळ पेनल्टी कॉर्नर नाकारला. मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पिवळं कार्ड मिळालं. मला.

"मॅडम, लंबा श्वास घ्या," जानू जाता जाता म्हणाली. "आप ही तो बोलती हो."

मी बेंच सोडून स्टँडमागे गेले, तर कचोरीच्या गाड्यावर बाबा आणि काका दोन मिनिटं संपली तरी उभेच होते. काकांनी काही न विचारता एक कचोरी माझ्या हातात दिली. तेवढ्यात आत एकच जल्लोष झाला.

"कुणी मारला?" आम्ही तिघं ओरडलो.

"आपल्या जानूने!" वरून आईचा आवाज आला.

जानू स्टेट टीममध्ये आहे. तो गोल मात्र तिला हॉकी शिकवणाऱ्या तिघांपैकी एकानेही पाहिलेला नाही. दुसऱ्यांना राग आवरायला शिकवणाऱ्याने कचोरीच्या गाड्यावरून ग्राउंड दिसतं का, हे आधी बघून ठेवावं.