पाणपोईवरची भरलेली बाटली

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण हुडकेश्वरकडच्या त्या भरलेल्या बाटलीची घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. सांगायला बसलो की माझा आवाज चढतो आणि बायको आतून म्हणते, "हळू बोला, आता ठाण्यात नाही आहात."

मे महिना होता. मी त्या भागात ठाणेदार होतो. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, कोपऱ्यावरची पाणपोई सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. "साहेब, एक पोरगी रोज इथून बाटली भरून नेते. आज भरली, पण घरी जाऊन नाही राहिली. नुसती रडून राहिली. काहून म्हटलं तं बोलत नाही."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि आमच्या महिला हवालदाराला साध्या कपड्यांत पाठवलं. हवालदारबाई मुलीला घेऊन आल्या, येताना पाणपोईवर माहितीही काढून आल्या. आई वारलेली, वडील ट्रकवर महिने महिने दूर, मुलगी काका-काकूंकडे. मुलगी सात-आठ वर्षांची असेल. दंडाच्या आतल्या बाजूला वळ होते, काही ताजे, काही काळपट पडलेले. खेळताना मुलांचे गुडघे फुटतात, कोपरं खरचटतात. दंडाच्या आत वळ उठत नाहीत. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. शिवाय उन्हातून ठाण्यात आलेलं कुठलंही मूल आधी कूलरसमोर जाऊन उभं राहतं. ही भिंतीला चिकटून उभी, कोणी परवानगी देईल याची वाट बघत. दिलेलं गार पाणी घटाघटा प्यायली, पण छातीशी धरलेली स्वतःची बाटली सोडेना.

काकाला बोलावून घेतलं. हरवलेलं मूल नातेवाइकांकडे देताना मी आधारकार्ड नंतर बघायचो, आधी मुलाचे पाय बघायचो. आपलं माणूस दिसलं की पाय आपोआप धावतात. काका आला. इस्त्रीचा शर्ट, साखरेसारखं बोलणं. मुलीचे पाय मागे सरकले आणि ती हवालदारबाईंच्या आड गेली.

एवढं मला पुरे होतं. त्याला केबिनमध्ये नेऊन चहा मागवला. गोड बोलणाऱ्याला मी चहा पाजायचोच, माणूस सैल होतो.

"हातावर वळ कसले?"

"पडतच राहते जी. लय मस्तीखोर आहे."

एवढ्यात हवालदारबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच मी उठलो. मुलीशेजारी जमिनीवर बसून त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "ही बाटली कोणाले नेऊन राहिली वं?" मुलगी म्हणाली, "छोटीले. खिडकीतून देतो मी. काकानं आज फळी ठोकली."

मी काकाकडे वळलो. "घरी आणखी कोण आहे?"

"कोणीच नाही जी."

"मग छोटी कोण?"

"बाहुली आहे जी तिची."

पापणीसुद्धा लवली नाही. पण उजवा हात पँटच्या खिशाकडे गेला. तोंड आवरणारी माणसं हात आवरायला विसरतात.

"बाहुलीसाठी खिडकीले फळी ठोकली का गा? किल्ली काढ."

काढली त्याने. जीप भरधाव, सोबत काका, हवालदारबाई आणि बाटली धरून बसलेली मुलगी. अँब्युलन्सला वाटेतूनच कळवलं, शेजारच्या दोघांना पंच म्हणून घेतलं. दाराला कुलूप, मागच्या खोलीला बाहेरून कडी. आत भट्टी पेटल्यासारखं तापलेलं, आणि फरशीवर तीनेक वर्षांचं लेकरू, ओठ फुटलेले, डोळे मिटलेले. मी हाक मारली. डोळे उघडले. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो, पंचांना वाटलं साहेबांचं डोकं फिरलं.

मोठ्या बहिणीला जीपमध्येच थांबवलं होतं. छोटीला बाहेर आणताना तिने पाहिलं आणि अशी धावली की चप्पल मागेच राहिली. बाटली तिने स्वतः छोटीच्या ओठांना लावली.

काका-काकू दोघंही कामावर जाताना छोटीला कोंडायचे, ती रडून भंडावते म्हणून. मोठीला अंगणात सोडायचे, शेजाऱ्यांना सगळं ठीक दिसावं म्हणून. तोंड उघडलंस तर छोटीला दूर कुठेतरी सोडून येऊ, हा मोठीला दम. वैद्यकीय तपासणी झाली, दोघांवर गुन्हा दाखल झाला, मुली बालकल्याण समितीपुढे गेल्या. शेजारी म्हणाले, "पोरगी किती शांत होती साहेब, कधी आवाज नाही. अन् घरचा मामला, आपण काहून पडायचं?" मला राग आला तो याचा. अंगणात एकटंच बसणारं, कधी हट्ट न करणारं, उत्तर देण्याआधी मोठ्यांचं तोंड बघणारं मूल शहाणं नसतं, घाबरलेलं असतं. पाणपोईवरच्या बाईंनीही घरचा मामला म्हटलं असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी दार फोडलं असतं, आणि मग हसायला काही उरलं नसतं.

महिन्याभराने समितीच्या कार्यालयात मुलींचा मामा कुही गावाहून आला. पोरी बापासोबत परगावी आहेत, असं काकाने त्याला सांगून ठेवलं होतं. अधिकारी त्याचे कागद तपासत होते. मी मात्र दाराशी उभा राहून खाली बघत होतो. मोठीने छोटीचा हात धरला आणि दोघींचे पाय एकदमच धावले.