नोटेशनवरच्या पेन्सिलीच्या खुणा

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, जमिनीवरून फुटलेली डोकी, सगळं पाहिलं. त्यातलं निम्मं विसरलो. पण बँडच्या कागदांचं ते प्रकरण विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मध्येच कधीतरी वरातीचा बँड कानावर पडतो आणि मी हातातलं काम टाकून येरझारा घालायला लागतो. घरचे म्हणतात, झालं यांचं सुरू.

तेव्हा मी लातुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी पोलीस निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई तोंडावर आली होती. टेबलावर डीजेच्या तक्रारी आणि बंदोबस्ताच्या अर्जांचा ढीग. त्यात एके सकाळी पस्तिशीचा एक माणूस बगलेत फाईल मारून आला आणि म्हणाला, आमचं नोटेशन चोरीला गेलं. ठाणे अंमलदाराने त्याला विचारलं, किती तोळ्यांचं होतं? सगळे हसले. मीही हसलो.

मग त्याने समजावून सांगितलं. त्याचे वडील जुने बँडमास्तर. स्वतः धुना बांधत, पाच रेघांच्या कागदावर उतरवत आणि दरवर्षी लग्नसराईआधी त्यांचा छापील संच काढत. क्लॅरिनेटची वही वेगळी, ट्रम्पेटची वेगळी, सॅक्सोफोनची वेगळी. औसा, उदगीर, नांदेड, पार बिलोलीपर्यंतच्या बँड पार्ट्या तो संच मागवून घेत. प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर एक ओळ छापलेली असे: 'यातील प्रत्येक धून मास्तरांनी स्वतः फुंकून तपासलेली आहे.' बँडवाले म्हणे त्या ओळीवर डोळे मिटून संच घेत, कारण मास्तरांचा कागद वाजवताना कधी अडत नाही.

त्या वर्षीचा संच अजून छापखान्यात होता. आणि हा मुलगा एका लग्नाला गेला, तर बिलोलीकडचा बँड वरातीत त्यातलीच धून वाजवतोय! चौकशी केली तेव्हा कळलं, सगळ्या कागदांचे फोटो निम्म्या मराठवाड्यातल्या बँडवाल्यांच्या मोबाईलवर फिरत होते. आता छापील संच विकत कोण घेणार?

कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा दाखल केला. खरं सांगतो, कलम पुस्तक काढून वाचावं लागलं. फोटो कुणाकडून आले हे शोधायला दोन अंमलदार पाठवले. पण बँडवाले रोज नव्या गावाला, आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. तिसऱ्या दिवशी एका क्लॅरिनेटवाल्याचा मला फोन आला. नाव सांगायला तयार नव्हता. म्हणाला, साहेब, फोटो छापील वहीचे नाहीत, हाताने लिहिलेल्या पक्क्या प्रतीचे आहेत. अक्षर मास्तरांच्या लिहिणाऱ्याचं आहे, ते आम्ही अंधारातसुद्धा ओळखू.

हा लिहिणारा म्हणजे पन्नाशीचा, हडकुळा, शाईने बोटं काळी झालेला माणूस. मास्तर पेन्सिलीने कच्चं लिहीत, हा शाईने पक्की प्रत काढी. ती प्रत मास्तरांकडे तपासायला जाई, परत त्याच्याकडे येई आणि तो ती छापखान्यात नेई. बावीस वर्षं हेच काम. छापखान्यात विचारून झालं होतं, म्हणजे पक्की प्रत हाताळणारे उरले दोघेच, मास्तर आणि हा. मास्तर स्वतःच्याच घरात चोरी कशाला करतील? मुलगा छातीठोकपणे म्हणाला, यानेच विकलं. मलाही पटलं. फिर्यादीच्या बापाचाही मोबाईल बघावा, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

शिक्षा सात वर्षांच्या आतली, म्हणून अटक न करता नोटीस देऊन त्याला बोलावलं. तो वेळेवर आला. डबा घेऊन आला. मी विचारलं, तू दिलेस का फोटो? म्हणाला, "न्हाई साहेब." मग कुणी दिले? यावर तो खाली बघायचा. पुन्हा विचारलं, पुन्हा खाली. तासभर समजावलं, तासभर दरडावलं. मी तापट माणूस. टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. तो ढिम्म. पोलिसाला सराईत चोर परवडतो, खोटं तरी बोलतो. खोट्याचं टोक पकडून खऱ्यापर्यंत जाता येतं. पण गप्प बसणाऱ्याचं करायचं काय? आमच्याकडे याचा एकच अर्थ शिकवलेला, गप्प बसला म्हणजे काहीतरी लपवतोय. तो लपवत होताच, फक्त काय लपवतोय ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते केलं, ज्याची आजही लाज वाटते. त्याच्या घरचे कागद जप्त करायचे होते. पंच घेऊन सरळ मागच्या रस्त्याने जाता आलं असतं. मी मुद्दाम त्याला जीपमध्ये बसवून बँडवाल्यांच्या दुकानांच्या गल्लीतून नेलं, हळू. म्हटलं, चार ओळखीच्यांनी पाहिलं की आपोआप तोंड उघडेल. दुकानांपुढे वाद्यं पुसत बसलेली माणसं एकेक करून उठून उभी राहिली. तो मान खाली घालून बसला होता. त्याच्या घरी बायको दारात उभी होती, पंचनामा संपेपर्यंत तिने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. कागद जप्त झाले, मोबाईल जप्त झाला, मोबाईलमध्ये काहीच सापडलं नाही. मी म्हटलं, पुसून टाकलं असणार. संध्याकाळी ठाण्यात खबर आली की गल्लीतल्या एका बँडवाल्याने त्याच्याकडे दिलेलं लिहिण्याचं काम काढून घेतलं. बावीस वर्षांचं नाव दोन दिवसांत मातीत गेलं होतं, आणि अजून एक पुरावा माझ्या हातात नव्हता.

तिथून माझी चलबिचल सुरू झाली. जेवायला बसलो तरी चित्त ताटात नाही. फोटो मोठे करून करून बघत होतो. तेव्हा ओळींवर पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या, स्वल्पविरामासारख्या. आपल्याला त्यातलं काय कळणार! मुख्यालयातल्या पोलीस बँडच्या हवालदाराला बोलावून घेतलं. त्याने कागद पाहिले आणि उभ्या उभ्या बोटाने ताल धरला.

म्हणाला, साहेब, या श्वास घ्यायच्या जागा. फुंकणारा माणूस वाजवताना आपल्यासाठी मारून ठेवतो, छापताना पुसून टाकतात. मी विचारलं, लिहिणारा मारेल का? तो म्हणाला, लिहिणाऱ्याला काय करायच्यात! आणि आमचा संशयित तर आयुष्यात ट्रम्पेटला तोंड न लावलेला माणूस. मग हवालदार पुन्हा कागदात घुसला आणि त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, हा फुंकणारा दर अर्ध्या घासाला थांबतोय. इथं तर सूर मधूनच तोडलाय. ह्याचा दम संपलाय."

बँडवाल्यांच्या भाषेत घास म्हणजे एका दमात वाजेल एवढा तुकडा, हे त्याने मला नंतर सांगितलं. पण अर्थ मला आधीच लागला होता. मी टोपी उचलली.

मास्तर घरी पलंगावर बसून होते. पंचाहत्तरीचे, अंगाने भरलेले, पांढऱ्याशुभ्र धोतरातले. मुलगा बाहेर गेला होता. मी सोबतच्या अंमलदाराला दाराबाहेर थांबवलं आणि म्हटलं, मास्तर, नव्या संचातली एक धून ऐकवा. त्यांनी भिंतीवरचा ट्रम्पेट काढला, ओठांना लावला. पहिला सूर असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. दुसरी ओळ अर्ध्यात तुटली. तिसऱ्या वेळी नुसती हवा आली. त्यांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला आणि छाती धरून धापा टाकत बसले.

"दोन वर्सं झाली," म्हणाले. "दम पुरत न्हाई. पोराला ठाव न्हाई, कुणालाच ठाव न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. स्वतः फुंकून बघता येईना, आणि न फुंकता छापायला मन धजेना. म्हणून पक्क्या प्रतीचे फोटो काढून बिलोलीच्या एका जुन्या चेल्याला पाठवले. तू वाजवून बघ, अडलं तर सांग, पण कुणाला दाखवू नको. चेल्याने एकट्याने वाजवण्याऐवजी आपल्या पार्टीला दिलं. तिथून पुढे कोण अडवणार!

मी विचारलं, तुमचा लिहिणारा दोन दिवस माझ्या ठाण्यात बसलाय, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, होतं. मग बोलला का नाहीत? त्यांनी शेजारची जुनी वही उचलून उलटी केली आणि मागच्या पानावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, बोललो असतो तर ही खोटी ठरली असती. मला त्यांचा राग आला, मनापासून आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता आणि फाशीचा दोर माझ्याच हातात होता. समोर म्हातारा माणूस असताना मी बोलू नये ते बोललो आणि निघालो.

बिलोलीच्या चेल्याचा जबाब घेतला, दोघांचे मोबाईल तपासले, सगळं जुळलं. चोरी नव्हती, कुणाचा वाईट हेतू नव्हता. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा 'क' समरी अहवाल कोर्टात पाठवला आणि कागदोपत्री प्रकरण मिटलं.

लिहिणारा मोबाईल आणि कागद परत न्यायला आला. त्याने मुद्देमालाच्या पावतीवर सही केली. काय सुंदर अक्षर होतं! मी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. विचारलं, मास्तरांचा दम गेलाय हे तुला ठाऊक होतं ना?

"खुणा मीच पुसत होतो की साहेब," तो म्हणाला. "दोन वर्सांपासून जवळ जवळ येत चालल्या होत्या."

मी म्हटलं, अरे मग तोंड का नाही उघडलंस? तुझं नाव गेलं ना सगळ्या गल्लीत.

तो चहा फुंकत म्हणाला, "वहीवर नाव मास्तरांचं असतंय. लिहिणाऱ्याचं कुठं कोण छापतंय साहेब? गेलं तर काय गेलं."

'माझं चुकलं' हे दोन शब्द तोंडापर्यंत आले आणि परत गेले. समोर हवालदार उभा, दारात दोन तक्रारदार, अंगावर वर्दी. म्हटलं, बरं, ये तू. पुढे मास्तरांनी मुलाला सांगितलं, गल्लीतल्या लोकांना स्वतः जाऊन सांगितलं, आणि तो कामावर परत गेला. पण त्याला जीपमध्ये बसवून मिरवलं होतं ते मी. ते मास्तरांनी जाऊन सांगितल्याने फिटणारं नव्हतं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं नव्या पोरांनी विचारलं तर सांगतो: माणूस गप्प असेल तर एवढंच समजा की तो काहीतरी सांभाळतोय. स्वतःला सांभाळतोय की दुसऱ्याला, ते शोधायचा पगार तुम्हाला मिळतो. आणि संशयिताला मिरवू नका. निर्दोष सुटला हे ठाण्याच्या डायरीत लिहितात, गल्लीत कुणी वाचायला येत नाही.

हे सगळं मी छान बोलतो. पण गेल्या वर्षी औशाला एका लग्नात तो लिहिणारा दिसला. पंगतीत बसला होता, पुढ्यात भात वाढलेला. तेव्हा मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, अंगात साधा झब्बा होता. मनाशी म्हटलं, आज सांगून टाकू. जवळ गेलो. त्याने मान वर केली, मला ओळखलं, आणि उष्टा हात तसाच ठेवून ताटावरून उठून उभा राहिला.